पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ‘अवलंबून’ म्हणजे काय ते ठरवा

प्रस्तावना, साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती. संख्यात्मक प्रबंधाच्या पहिल्या तीन प्रकरणांचा हा क्रम तुम्हाला पाठ असेल. मलाही होता. तरी माझे पन्नासेक भरलेले फॉर्म बाद झाले.

माझा विषय होता गोव्यातली खाणबंदी आणि दिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या कुटुंबांचं उत्पन्न. गावचाच विषय, त्यामुळे पहिलं प्रकरण आठ दिवसांत झालं. परिकल्पना, म्हणजे तपासून पाहायचा अंदाज, अशी, की खाणीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांचं उत्पन्न इतरांपेक्षा जास्त घटलं. मग प्रश्नावली घेऊन पिसुर्ल्याला गेलो. पहिल्याच घरातल्या काकी म्हणाल्या, “आमच्यातलं खाणीवर कोणी नाही.” मी ‘अवलंबून नाही’वर खूण केली. निघताना कळलं, त्यांच्या यजमानांचं ट्रकांचे टायर दुरुस्त करायचं दुकान होतं आणि ते बंद पडलं होतं. शेजारच्या घरी दारात ट्रक उभा, बँकेचे हप्ते थकलेले, पण चूल पेटते ती मुलाच्या सरकारी पगारावर. त्यांना कुठल्या गटात घालायचं? मी प्रत्येक वेळी मनाला येईल तसं ठरवत गेलो. शेवटी फॉर्म चाळले, तर सारख्या परिस्थितीतली दोन घरं दोन वेगळ्या गटांत. गटच चुकले असतील, तर दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी काही वाचवत नाही.

तीच गत ‘बंदी’ या शब्दाची. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाली आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन पुन्हा बंद. ‘बंदीआधी उत्पन्न किती?’ या माझ्या प्रश्नाला कोणी २०११ चं उत्तर देत होता, कोणी २०१७ चं. रकाना एकच.

म्हणून कार्यात्मक व्याख्या, म्हणजे एखादी गोष्ट नेमकी कशी मोजणार ते सांगणारी व्याख्या, आधी लिहा, प्रस्तावना नंतर. माझी सुधारलेली व्याख्या अशी: ‘ऑगस्ट २०१२ मध्ये ज्या कुटुंबाचं निम्म्याहून अधिक मासिक उत्पन्न खाणीतली नोकरी, खनिज वाहतूक किंवा या दोहोंना सेवा देणाऱ्या धंद्यातून येत होतं, ते कुटुंब’. मग तीच व्याख्या मित्राच्या हातात दिली आणि दहा घरांची माहिती दोघांनी वेगवेगळी गटांत लावली. जिथे आमचं जुळलं नाही, तिथे व्याख्या पुन्हा घट्ट केली. दोन संध्याकाळी गेल्या, बस्स. जुनं उत्पन्न लोक आठवून सांगतात, ते चुकू शकतं, हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहिलं. शीर्षकातला ‘परिणाम’ही काढला. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून फरक दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

बाकीचं थोडक्यात. नमुन्यात किती घरं घ्यायची हे ठरवायला सगळे यामानेचं सूत्र चिकटवतात. हजार कुटुंबं, पाच टक्के चूक, उत्तर २८६. पण घरं यादृच्छिक पद्धतीने निवडलीच नसतील, ओळखीच्यांकडे फॉर्म वाटले असतील, तर त्या २८६ ला अर्थ नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून दुसऱ्याची प्रस्तावना उचलू नका. तिच्यासोबत त्याच्या व्याख्याही येतात आणि त्या तुमच्या गावात बसत नाहीत. आढाव्यासाठी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसा. प्रत्येक अभ्यास वाचताना एवढंच टिपा: त्याने काय मोजलं आणि कसं मोजलं. आढाव्याचा अर्धा कणा तिथेच तयार होतो.

गाइडबद्दल माझं मत ठाम आहे. ‘छान चाललंय’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हे मोजणार कसं?’ विचारणारा बरा, मग तो कितीही कडक असो. माझं पहिलं प्रकरण न वाचताच मंजूर झालं होतं. तेव्हा आनंद झाला, नुकसान नंतर कळलं.

आणि फॉर्म बाद झाले तर खचू नका. माझ्या बाद फॉर्मांतूनच नव्या व्याख्येतला ‘सेवा देणारा धंदा’ सापडला. फक्त दुसरी फेरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर ठेवू नका. घरात गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधायची गडबड असताना उत्पन्नाचे प्रश्न विचारणं बरं नाही. जुनी व्याख्या तारीख टाकून जपून ठेवा. वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला पहिलाच प्रश्न आला, “ही व्याख्या का बदलली?” मी दोन्ही कागद समोर ठेवले.