सोलापूरहून गाडी घेऊन लेहला निघताय? आधी या चुका टाळा

जून महिना, सकाळचे साडेपाच, मनाली-लेह रस्त्यावरच्या सारचूचा तंबू. बाहेर आलो तर गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा, म्हणून वायपरचा दांडा ओढला तर फवारा यायच्या ऐवजी नुस्ती मोटर घुरघुरली, टाकीतलं पाणी गोठलं होतं. सहा दिवसांपूर्वी तेच पाणी मी जुळे सोलापुरात घरच्या बोअरच्या नळीनं भरलं होतं, चाळीस डिग्रीत घाम पुसत पुसत. त्या ट्रिपला आमचं बरंच काही बिघडलं आणि परत आल्यावर शांतपणे बसून विचार केला तर लक्षात आलं की जवळजवळ सगळं सोलापुरातच बिघडलेलं होतं, वर जाऊन फक्त उघडं पडलं. आपली गाडी सपाट रस्त्याची, उन्हाची सवय झालेली, आणि आपणही तसेच. तयारी म्हणून आपण नवीन जॅकेट, गो-प्रो, बोनेटला लावायचे रंगीत झेंडे हे सगळं घेतो, पण सवयी त्याच जुन्या घेऊन निघतो.

बोअरचं पाणी

ही चूक पहिली कारण ही खास आपली आहे. आपल्याकडं बोअरचं पाणी किती जड ते गिझर उघडला किंवा बादलीच्या कडा बघितल्या की कळतंय, पांढरा थर. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. दर उन्हाळ्यात "थोडं कमी झालंय, टाक पाणी" करत करत माझ्या गाडीत कूलंट नावालाच राहिलं होतं. हायवेला समोरून वारा लागतो म्हणून तापमानाचा काटा कधी हलला नाही. पण बारालाचा खिंडीच्या चढाला, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढं ट्रकची रांग, आणि काटा जो चढायला लागला तो थांबेना.

वर दुसरीही भानगड असते. उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं. लेहला साधारण ८८ डिग्रीला, बारालाचाला (४,८०० मीटरच्या वर) ८४ च्या आसपास. गाडीत रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं म्हणून एवढं खाली येत नाही, पण त्या झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर दाब टिकत नाही आणि मग उकळलंच समजा. शंभर-दोनशेची वस्तू, कोणी बघत नाही.

करायचं काय तर निघायच्या पंधरा दिवस आधी रेडिएटर फ्लश, आणि कूलंट अर्धं व डिस्टिल्ड वॉटर अर्धं. हे मिश्रण उणे ३५ पर्यंत गोठत नाही आणि उकळतंही उशिरा, म्हणजे दोन्हीकडून फायदा. पंधरा दिवस आधी अशासाठी की पाइप कुठं गळत असेल तर ते सोलापुरातच कळावं. आमच्या ओळखीतल्या मिस्त्रीनं "काय होत नाही साहेब" म्हणून पाठवलं होतं, त्याचा दोष नाही म्हणा, त्यानं कधी तुळजापूरच्या वरचा घाट बघितला नव्हता. आणि वायपरच्या टाकीत न गोठणारं वॉशर लिक्विडच टाका.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल्ल, काचा खाली. वेड्यासारखं वाटतंय पण हीटर इंजिनचीच उष्णता आत ओढतो. तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन थांबा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजल्यावर वरती दवाखाना लगेच सापडत नाही.

बॅटरी

लोकांना वाटतं थंडीत बॅटरी मरते. मारतं खरं ऊन, थंडीत फक्त कळतं. तीन-चार सोलापुरी उन्हाळे काढलेली बॅटरी असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या, काठावर निघाली तर बदलूनच निघा. जंपर केबल ठेवा.

टायरची हवा, इथं मी दोनदा चुकलो

वर बाहेरचा दाब कमी म्हणून मीटरवर हवा जास्त दिसते. सोलापूरहून लेहला (३,५०० मीटर) गेलं की तापमान तेच धरलं तर साधारण चार-साडेचार पीएसआय वाढतात. पण थंडीनं हवा आकसते आणि तेवढीच कमीही होते, त्यामुळं सकाळी थंड टायर मोजला तर बऱ्याचदा घरच्याच आकड्याजवळ येतो. मी काय केलं, दुपारी गाडी पळवून आल्यावर टायर गरम असताना मोजली, चाळीस दिसली, घाबरून ३३ केली. परत येताना मनालीत सकाळी बघतो तर २६! तर नियम एकच, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजायची आणि गाडीच्या दारावर लिहिलेला आकडा ठेवायचा. स्वतःचा मीटर आणि बारा व्होल्टचा छोटा पंप जवळ असू द्या.

दुसरी चूक स्टेपनीची. चारी टायर चकाचक, अलाइनमेंट केलेलं, आणि स्टेपनीत हवा पंधरा. वर धारदार दगड टायरच्या बगलेत चिरा पाडतात, त्याला पंक्चर किटची दोरी चालत नाही, तिथं स्टेपनीच लागते. काही गाड्यांना बारीक स्टेपनी येते, ऐंशीच्या वर चालवू नका असं लिहिलेली, ती असेल तर पूर्ण साइजचं एक टायर बरोबर घ्या. आणि जॅक एकदा घराच्या दारात लावून चाक काढून बघा, आमचा पाना बोल्टला बसतच नव्हता हे कळलं तेव्हा आम्ही लेहच्या वाटेवरच्या मोरे प्लेन्स पठारावर होतो.

"इंजिन खराब झालं काय बे?"

आमचा मित्र दर वळणाला हेच विचारायचा. नाही झालं. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होत जाते, तंगलंग ला (ला म्हणजे खिंड) ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथं निम्मीच ताकद उरते. टर्बोवाल्यांना कमी जाणवतं. चूक होते ती यानंतर, पिकअप नाही म्हणून माणूस क्लच अर्धा दाबून रेस वाढवतो आणि क्लचप्लेट जळते. सात रस्त्याच्या सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरायची सवय तिथं लई महाग पडते. चढाला गाडी हँडब्रेकवर उभी करा, पहिल्या गिअरमध्ये उचला. जळका वास आला तर अर्धा तास थांबा, कोणी काय म्हणंना. सामान कमी करा. कॅरिअरवर दोन बॅगा जास्त म्हणजे तेवढं वजन चार-चार खिंडी ओढायचं. एअर फिल्टरही नवा टाका, आपल्याकडची धूळ आणि वरची विरळ हवा, दोन्ही मिळून इंजिनचा श्वास कोंडतो.

पेट्रोल-डिझेलचं थोडक्यात. मनालीहून निघाल्यावर टांडीच्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरा, पुढं लेहच्या अलीकडं कारूपर्यंत पंप नाही असंच धरून चाला, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. ॲव्हरेज घरचं धरू नका, बरंच पडतं. सीएनजीवाल्यांनी डोंगरात गॅस विसरायचा, पेट्रोलवरच जायचं. डिझेलवाले ऑक्टोबरात जात असतील तर टाकी आधीच रिकामी करत नेऊन वरचंच डिझेल भरा, आपल्याकडचं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं.

आता खरी चूक, ती गाडीची नाहीच

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटर. मनाली दोन हजार. सारचू ४,२०० च्या वर. आम्ही सुट्टी बारा दिवसांची घेतलेली, आणि सोलापूर ते मनालीच दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. (आपल्या दारातला ५२ नंबरचा हायवे बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत थेट पंजाबात संगरूरला जाऊन संपतो, हे मला त्या वेळी कळलं.) चार दिवस जायला, चार यायला, मग डोंगराला उरले किती? म्हणून मनालीहून एका दमात सारचू गाठलं. रात्री नऊला डोकं असं ठणकायला लागलं की उशीला टेकवेना, दोघांना उलट्या, आणि सकाळी गाडी चालवायची मलाच.

डॉक्टर सांगतात ते साधं आहे, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरून झोपलं तर चालतं, उंचीवर झोपणं बाधतं. म्हणून मनालीकडून जाणार असाल तर जिस्पाला (साधारण ३,२०० मीटर) दोन रात्री काढा, मग पहाटे निघून सारचूला न राहता थेट लेह गाठा, कारण लेह सारचूपेक्षा खाली आहे. दिवस फार लांबचा होतो हे खरं. त्याहून सोपं म्हणजे श्रीनगर, कारगिल, लेह असं जायचं, तो रस्ता हळूहळू चढतो, आणि परत मनालीवरून यायचं. लेहला पहिले दोन दिवस नुस्तं पडून राहा, खारदुंग ला कुठं पळून जात नाही.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइडची गोळी बरेच जण मेडिकलमधून परस्पर घेतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याला ती चालत नाही असं म्हणतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच, आणि बीपी-शुगरवाल्या काका-मावशींना नेत असाल तर नक्कीच. ऑक्सिजनचे स्प्रेसारखे डबे मिळतात ते थोडाच वेळ पुरतात, त्याच्या भरवशावर वर चढू नका. चालताना झोक जायला लागला, बोलणं अडखळलं, बसल्या जागी दम लागला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री का असेना खाली उतरायचं. तिथं गेल्यावर पहिल्या रात्री "बसणं" तर नकोच, झोपेची गोळीही नको. आणि ड्रायव्हर एकच असणं हीसुद्धा चूक आहे, दोघं तरी पाहिजेत.

सोलापुरी चादर

हसू नका, आम्ही चार नेल्या होत्या. आई म्हणाली गाडीत पांघरायला होतील. आपल्या चादरीला जीआय टॅग असला तरी ती सुताची, दमट झाली की गार पडते आणि वाळत नाही. तेच सुती बनियनचं, घाम शोषतं आणि अंगाला बर्फ लावल्यासारखं होतं. आत सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. चादर सीटवर टाकायला उत्तम, धूळ बसत नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, महिनाभर काय होत नाही त्याला. फक्त चटणी हवाबंद पिशवीत नेऊ नका. वर दाब कमी झाला की पिशवी फुगते, आमची सारचूच्या पुढं पांग गावाला सामान काढताना डिकीत फुटली आणि पुढचे दोन हजार किलोमीटर गाडीला चटणीचा वास. आता डबा नेतो.

बारीकसारीक राहिलेलं

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, एकाकडं तरी पोस्टपेड असू द्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. अटल बोगद्यातून जाणार असाल तर परमिटची भानगड नाही, पण रोहतांगला वर जायचं असेल तर परमिट लागतं. पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख बघा, एमएच तेराची गाडी दिसली की वाटेत हमखास कोणीतरी हात करतो.

बर्फ वितळून येणारे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारनंतर गुडघ्याच्या वर चढतात, त्यामुळं उशिरा उठून निवांत नाश्ता करून निघणाऱ्यांची गाडी नाल्यात अडकते. पहाटे निघा.

थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून काचा बंद करून गाडीत झोपू नका. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी ठेवली तरी तेच.

ब्रेक ऑइल दोन वर्षं बदललं नसेल तर बदला, ते हवेतला ओलावा ओढतं, मग लांब उतारावर तापून उकळतं आणि पायाखाली पेडल मऊ पडतं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमच आहे. हे वाचून येत नाही, करून येतं. आणि आपल्याला त्यासाठी लांब जायला नको, देवीच्या दर्शनाला जाणं होतंच, येताना तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये जमेल तेवढा ब्रेकला पाय न लावता उतरून बघा. मागचा ट्रकवाला हॉर्न मारत राहील, त्याला साइड द्या आणि जाऊ द्या पुढं.