एसएमपीएस बदलण्यापूर्वी तो मोजावा कसा आणि बदलावा कसा

एखादा गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू करताच संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडत असेल किंवा आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेणे रास्त आहे. मात्र निव्वळ संशयावरून खरेदीला निघू नये. इंदूरमध्ये नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे संगणक मी अनेक वर्षे दुरुस्त करत आलो आहे, आणि एसएमपीएस खराब असताना मदरबोर्ड बदललेला किंवा मदरबोर्ड खराब असताना नवा एसएमपीएस बसवलेला मी वारंवार पाहतो. विंडोजच्या नोंदींत दिसणारी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही ओळ पुष्कळ जण पुरावा म्हणून दाखवतात. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच तिचा अर्थ आहे.

प्रोसेसरच्या हीटसिंकमधील धूळ आधी साफ करावी, कारण माळव्याच्या उन्हाळ्यात तापलेला प्रोसेसरही संगणक असाच बंद पाडतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्रथम इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत हे हमखास आढळते, आणि अर्थिंग नसेल तर नव्या एसएमपीएसनेही त्या झिणझिण्या थांबत नाहीत.

आता मुख्य तपासणी. एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे जाणाऱ्या २४ पिनांच्या प्लगमधील हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडावी आणि पंखा फिरला की एसएमपीएस चांगला समजावा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि त्यानेच सर्वाधिक दिशाभूल होते. त्या वेळी एसएमपीएसवर जवळपास काहीच भार नसतो. थकलेले कपॅसिटर (वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे भाग) असलेला एसएमपीएसही रिकाम्या अवस्थेत १२ व्होल्ट बिनचूक दाखवतो आणि ग्राफिक्स कार्डाने वीज ओढताच कोसळतो. म्हणून मोजमाप सर्व भाग जोडलेले ठेवूनच करावे. सुरुवातीला हाच टप्पा मलाही अवघड गेला होता, त्यामुळे तो सविस्तर सांगतो.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवावा, काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला टेकवावा आणि लाल प्रोब २४ पिनांच्या प्लगमध्ये मागच्या बाजूने, तारेच्या कडेने आत सरकवावा. संगणक बंद असला तरी मुख्य वीज चालू असताना जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळालेच पाहिजेत; ते नसतील तर एसएमपीएस गेला असे बहुतांशी समजावे. ते मिळाले तर हिरव्या तारेकडे वळावे. तिच्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट असतात आणि बटण दाबताच ते शून्याजवळ यायला हवेत. ते खाली येत नसतील, तर दोष बटणाचा किंवा मदरबोर्डचा आहे. ते खाली येऊनही एसएमपीएस गप्प राहिला, तर मुख्य वीज बंद करून ग्राफिक्स कार्ड आणि सर्व ड्राइव्ह काढावेत आणि पुन्हा पाहावे, कारण एखाद्या भागात शॉर्ट असल्यास चांगला एसएमपीएसही स्वतःला बंद करून घेतो. सर्व तारा काळ्याच असतील, तर पिनांची आकृती समोर ठेवल्याशिवाय प्रोब घालू नये.

संगणक सुरू होऊन मध्येच बंद पडत असेल, तर चार पिनांचा रिकामा मोलेक्स प्लग शोधावा. तेथे प्रोब घसरण्याचा धोका कमी असतो. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे. प्रथम संगणक शांत असताना आकडा लिहून घ्यावा, मग ज्या गेमने तो बंद पडतो तोच गेम लावून आकड्यावर नजर ठेवावी. १२.१ वरून ११.९ वर येणे चिंतेचे नाही, ११.३ वर येणे किंवा आकडा सतत खालीवर होणे हा माझ्या दृष्टीने पुरेसा पुरावा आहे. आकडे स्थिर राहूनही संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएसला लगेच निर्दोष ठरवू नये, कारण व्होल्टेजमधील वेगवान रिपल, म्हणजे बारीक चढउतार, साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. अशा वेळी पुरेशा क्षमतेचा, खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हाच उपाय उरतो.

एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलण्याच्या फंदात पडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

खरेदीसाठी आर.एन.टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये जावे किंवा अन्यत्र, पण खोक्यावरील ठळक वॅटचा आकडा बाजूला ठेवून लेबलवरील १२ व्होल्टचे अँपिअर वाचावेत. १२ व्होल्टवर ३४ अँपिअर असतील तर कामाची क्षमता ४०८ वॅट आहे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला लावू नये, हे माझे ठाम मत आहे. ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर जुना नमुना सोबत न्यावा, कारण अनेकांचे प्लग वेगळे असतात.

बसवणे सोपे आहे: भिंतीकडून येणारी विजेची वायर काढावी, जोडण्यांचा फोटो घ्यावा, मागचे चार स्क्रू सोडवावेत आणि नवा त्याच जागी बसवावा. प्रोसेसरचा ४+४ आणि ग्राफिक्स कार्डाचा ६+२ प्लग दिसायला सारखे असल्याने त्यांवरील अक्षरे वाचूनच लावावेत, जोर लावू नये.

मॉड्युलर (केबल वेगळ्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या जुन्या केबल मात्र कॅबिनेटमध्ये तशाच ठेवून नव्याला कधीही जोडू नयेत. त्या बसतात, पण एसएमपीएसकडील टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते; ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क आणि तिच्यावरील सारे फोटो क्षणात जातात. सर्व केबल नव्या खोक्यातल्याच वापराव्यात.

शेवटी तोच गेम लावून तेच आकडे पुन्हा मोजावेत आणि कॅबिनेटच्या आत तारखेसह चिकटवावेत. जुन्या एसएमपीएसवर ‘खराब’ असे लिहून तो ई-कचऱ्यात द्यावा.