हील-अँड-टो सोपे जावे म्हणून पेडलांची जुळणी

वळणाआधी ब्रेक दाबलेला असतानाच खालचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडण्यापूर्वी त्याच उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका देऊन इंजिनाचे फेरे नव्या गिअरला साजेसे करून घ्यायचे, या कौशल्याला हील-अँड-टो म्हणतात. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४ आणि दुसऱ्याचे २.० असेल, तर तिसऱ्यात ३,००० आरपीएमवर चाललेल्या इंजिनाला त्याच वेगाने दुसऱ्यात येताना साधारण ४,३०० आरपीएम गाठावे लागतात. ही भर पायाने घातली नाही, तर ती चाकांकडून ओढून घेतली जाते. ज्या गाडीत इंजिनाचे बळ मागच्या चाकांना मिळते, तिच्यात तेव्हा मागची चाके क्षणभर अडल्यासारखी होतात, आणि ब्रेकमुळे गाडीचे वजन पुढे गेलेले असल्याने नेमक्या त्याच क्षणी मागची बाजू घसरू शकते. पुष्कळ सराव करूनही हे जमत नाही म्हणून अनेक चालक स्वतःच्या पायाला दोष देतात. माझे मत असे आहे, की बहुतेक वेळा दोष पायाचा नसतो. दोन पेडलांमधले अंतर आणि त्यांच्या उंचीतला फरक त्या पायाच्या मापाचा नसतो, आणि हे बऱ्याच प्रमाणात दुरुस्त करता येते.

या तंत्राच्या नावातली टाच आता बहुधा नावापुरतीच उरली आहे. १९५४ साली शर्यतींत उतरलेल्या मासेराती २५०एफसारख्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर क्लच आणि ब्रेक यांच्या मधोमध असे. आजच्या रचनेत ब्रेकच्या उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर असतो, म्हणून बहुतेक चालक चवड्याचा डावा भाग ब्रेकवर ठेवून पाऊल उजवीकडे कलंडवतात आणि पावलाच्या बाहेरच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. ज्यांचे पाऊल लहान किंवा अरुंद आहे, त्यांना घोटा वळवून खरोखरच टाचेकडचा भाग वापरावा लागतो. आपण यांपैकी कोणत्या पद्धतीने चालवणार, हे आधी ठरवावे, कारण पहिल्या पद्धतीत अ‍ॅक्सिलरेटरची पट्टी, म्हणजे पाय टेकतो तो सपाट भाग, डावीकडे रुंद करावी लागते, तर दुसरीत ती खाली, टाचेच्या दिशेने, लांबवावी लागते.

पाना हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे बसण्याची जागा. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेलाच राहिला पाहिजे. सीट फार मागे असेल तर उजवा पाय ताणला जातो आणि ताणलेला घोटा कलंडत नाही. दुसरी म्हणजे बूट. जाड आणि पसरट तळव्याच्या बुटात पेडल कुठे आहे ते कळतच नाही, म्हणून पातळ तळव्याचे आणि बेताच्या रुंदीचे बूट घालूनच सर्व मापे घ्यावीत, आणि पुढेही तेच बूट वापरावेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे ब्रेकची अवस्था. ब्रेकच्या नळ्यांत हवा असेल, ऑइल जुने झाले असेल किंवा रबरी होज फुगत असतील, तर पेडल मऊ लागते आणि दर वेळी वेगळ्या खोलीवर थांबते. थांबण्याची जागाच निश्चित नसलेल्या पेडलाशी दुसरे पेडल जुळवणे अशक्य आहे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, हे अनेकांच्या लक्षात नसते. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर असे जुने ऑइल उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. म्हणून आधी ऑइल बदलावे, हवा काढून घ्यावी आणि मगच मापाला बसावे.

माप घेताना सर्वाधिक चुका होतात. गाडी बंद असताना, पेडले मोकळी असताना, नुसते खाली वाकून पाहिले, तर ब्रेकचे पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बरेच वर दिसते आणि अ‍ॅक्सिलरेटर उचलून त्याच्या पातळीला आणावा असे वाटू लागते. तसे कदापि करू नये. आपल्याला मोकळ्या पेडलांची नव्हे, तर ब्रेक जोरात दाबलेला असतानाची उंची जुळवायची आहे. त्यासाठी गाडी सपाट जागेत न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी आणि इंजिन चालू ठेवावे, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणाऱ्या ब्रेक बूस्टरला त्याचे बळ मिळते. मग वळणाआधी ज्या जोराने ब्रेक दाबता, त्याच जोराने तो दाबून धरावा. दाराबाहेर बसलेल्या सोबत्याने ब्रेकच्या पट्टीवर एक सरळ धातूची मोजपट्टी आडवी टेकवून ती उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटरच्या वर येईल अशी धरावी, आणि व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या दांडीने मोजपट्टीपासून अ‍ॅक्सिलरेटरपर्यंतची खोली मोजावी. हे माप तीन वेळा घ्यावे, कारण पायाचा जोर दर वेळी थोडा बदलतो.

माझ्या अनुभवात या स्थितीत अ‍ॅक्सिलरेटर ब्रेकच्या पातळीखाली १० ते १५ मिलिमीटर असला, की पाऊल सहज कलंडते. दोन पट्ट्यांच्या कडांमधले आडवे अंतर ५० मिलिमीटरच्या आसपास असावे. ते ७० च्या वर गेले, की मध्यम आकाराच्या पावलाला ब्रेकवरचा जोर न बदलता पलीकडे पोहोचणे जड जाते. पण अंतर फार कमी करण्याचा मोहही टाळावा, कारण घाईत ब्रेक मारताना एकाच पावलाखाली दोन्ही पेडले येऊ शकतात.

येथे एक निवड करावी लागते आणि ती मनात स्पष्ट असलेली बरी. रस्त्यावर आपण ब्रेक हलका दाबतो, त्यामुळे ब्रेकचे पेडल कमी खाली जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर खूप खोल वाटतो. ट्रॅकवर जोरात दाबल्यावर ते बरेच खाली जाते. रस्त्यावरच्या हलक्या ब्रेकला जुळेल इतका अ‍ॅक्सिलरेटर उचलला, तर आणीबाणीच्या ब्रेकिंगमध्ये तो ब्रेकच्या वर डोके काढतो, आणि जीव तोडून ब्रेक दाबणारा पाय त्याच वेळी इंजिनालाही रेस देतो. म्हणून जुळणी नेहमी जोराच्या ब्रेकला धरून करावी आणि हलक्या ब्रेकिंगमध्ये थोडी गैरसोय पत्करावी. यात तडजोड नाही.

आता प्रत्यक्ष काम. माझा नियम असा, की ब्रेकला हात लावायचा नाही. हलवायचे ते अ‍ॅक्सिलरेटरला. सर्वांत साधा आणि परतवता येण्याजोगा उपाय म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर मोठी पट्टी बसवणे. बाजारात तयार पट्ट्या मिळतात, पण आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून तो पेडलावर चिकटपट्टीने बसवून पाहावा, आणि ही चाचणी इंजिन बंद ठेवूनच करावी. मी स्वतः चार नमुने कापले होते. पहिला डावीकडे ३० मिलिमीटर वाढवलेला होता आणि त्यावर साध्या ब्रेकिंगमध्येही बुटाची कड टेकत होती. शेवटी जो उपयोगी पडला, तो वरच्या अर्ध्या भागात मूळ रुंदीचा, खालच्या अर्ध्या भागात मात्र डावीकडे १५ मिलिमीटर वाढलेला होता. पाऊल कलंडते तेव्हा त्याची बाहेरची कड पेडलाच्या खालच्या भागावरच उतरते, हे त्या पुठ्ठ्यावर उमटलेल्या बुटाच्या डागांवरून दिसले. ते डाग पाहिल्याशिवाय धातू कापू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

अंतिम पट्टी ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची करावी. ती गोंदाने किंवा नुसत्या चिमट्यांनी बसवू नये. कमीतकमी दोन बोल्ट आरपार घालून मागून नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट लावावेत, कारण एकाच बोल्टवर बसवलेली पट्टी फिरू शकते. उंचीही वाढवायची असेल, तर पट्टी आणि पेडल यांच्यामध्ये धातूचे स्पेसर घालावेत. कडा कानशीने गोल कराव्यात, म्हणजे बुटाचा तळवा त्यांत अडकणार नाही. जमिनीला बिजागरी असलेल्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये पट्टी टाचेकडे लांबवणे सोपे असते. वरून लोंबणाऱ्या पेडलात मात्र पट्टीचे खालचे टोक पेडल पूर्ण दाबल्यावर कार्पेटला टेकत नाही ना, हे पाहावे लागते. पायाखालची मॅट तर क्लिपांनी पक्की बसवावी किंवा काढूनच टाकावी. अ‍ॅक्सिलरेटर मॅटमध्ये अडकण्याच्या धोक्यामुळे २००९ साली टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, आणि लांबवलेली पट्टी हा धोका वाढवते.

अ‍ॅक्सिलरेटर केबलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत थ्रॉटलकडच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडच्या, टोकाला केबलचा ताण बदलण्याचे दोन नट असतात, आणि ढिली पडलेली केबल त्यांनी नीट केली, की पेडलाच्या सुरुवातीचा वाया जाणारा प्रवास कमी होतो. पेडल सोडल्यावर केबलमध्ये किंचित ढील राहिलीच पाहिजे, नाहीतर इंजिनाचा आयडल, म्हणजे पेडल सोडलेले असतानाचा वेग, वर राहतो. त्यानंतर इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे: थ्रॉटल पूर्ण उघडतो त्याच वेळी पेडल आपल्या स्टॉपवर टेकले पाहिजे. पेडल टेकण्याआधीच थ्रॉटल पूर्ण उघडला, तर पायाचा सगळा भार केबलवर येतो आणि ती एक दिवस तुटते.

इलेक्ट्रॉनिक पेडलाच्या गाड्यांत केबल नसते. पेडलाच्या स्थितीची खबर दोन सेन्सर संगणकाला देतात आणि त्या दोघांचा मेळ बसला नाही, तर गाडी आपले बळ मर्यादित करून घेते. अशा पेडलाची दांडी वाकवू नये आणि त्याच्या स्टॉपशी खेळू नये. पट्टी बदलावी, किंवा पेडलाचे संपूर्ण युनिट जिथे बसते तिथे त्या गाडीसाठी तयार केलेला स्पेसर घालावा. काही गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले, की संगणक इंजिनाचे बळ तोडतो. तुमच्या गाडीत तसे असेल, तर पेडले कितीही नेटकी जुळवली तरी रेस लागणार नाही, म्हणून हे आधीच तपासावे. निसानच्या ३७०झेडप्रमाणे खालचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे आपोआप जुळवणारी यंत्रणा असेल, तर चाचणीपुरती ती बंद ठेवावी, नाहीतर पायाने काम केले की यंत्रणेने, हे कळणार नाही.

इतके करूनही ब्रेकचे पेडल फारच उंच राहत असेल, तर शेवटचा उपाय म्हणून ब्रेकच्या पुशरॉडची, म्हणजे पेडलाचा दाब पुढे नेणाऱ्या दांड्याची, लांबी बदलता येते, पण हे काम गाडीची वर्कशॉप पुस्तिका समोर ठेवून आणि शक्यतो जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. पुशरॉडवरचा लॉक नट सैल करून रॉड फिरवला, की पेडल वर-खाली होते. आट्यांचा पिच १.२५ मिलिमीटर आणि पेडलाचे गुणोत्तर ४ असेल, म्हणजे पेडल रॉडच्या चौपट सरकत असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात पेडल तब्बल ५ मिलिमीटर सरकते, म्हणून पाव फेऱ्याच्या हिशेबाने पुढे जावे. पेडल दाबायला सुरुवात केल्यावर रॉड कामाला लागण्यापूर्वी जी थोडी मोकळी हालचाल असते, ज्याला मेकॅनिक प्ले म्हणतात, ती पुस्तिकेत दिलेल्या मापात राहिलीच पाहिजे. रॉड जास्त लांब झाला आणि प्ले संपला, तर ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि गाडी चालू लागल्यावर ब्रेक हळूहळू स्वतःच आवळत जातात. पेडलाची उंची बदलली, की ब्रेक दिव्याचा स्विचही सरकवावा लागतो. तो विसरला तर दिवे सतत पेटलेले राहतात किंवा लागतच नाहीत, आणि कधीकधी स्विचच पेडलाला पुढे दाबून धरतो. काम झाल्यावर थोडे अंतर चालवून गाडी जॅकवर घ्यावी आणि प्रत्येक चाक हाताने मोकळे फिरते का, ते पाहावे.

क्लचच्या पेडलाची उंची ब्रेकच्या आसपास असली की पुरे. या तंत्रात त्याचा फारसा संबंध नाही.

सरावाला प्रथम इंजिन बंद ठेवून बसावे. ब्रेक जोरात दाबून पाऊल कलंडवावे, आणि ब्रेकवरचा जोर तसाच राहतो का, यावर सगळे लक्ष ठेवावे. इंजिन बंद असताना बूस्टरचे बळ दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल वरच थांबते, त्यामुळे ही कसरत घोट्याच्या सवयीसाठी आहे, मापाच्या पडताळणीसाठी नाही. पुढे उभ्या गाडीत इंजिन चालू करून हेच करावे आणि आरपीएमचा काटा पाहावा. १,००० ते १,५०० ची वाढ दर वेळी सारखी मिळू लागली, की वाहतूक नसलेल्या बंद जागेत किंवा ट्रॅकवर जावे. पाऊल कलंडताना गाडीचे नाक वर उचलले गेले, तर ब्रेकवरचा जोर सुटतो आहे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर अजून दूर किंवा खोल आहे. साध्या ब्रेकिंगमध्येच इंजिन गुरगुरले, तर पट्टी फार उंच किंवा फार रुंद झाली आहे. तेव्हा गाडी तिथेच थांबवून स्पेसर काढावा.

पहिल्या ट्रॅक दिवसानंतर पट्टीचे बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत, आणि ब्रेक पॅड किंवा ऑइल बदलले की जोराच्या ब्रेकमधले ते खोलीचे माप नव्याने घ्यावे, कारण नव्या पॅडांनी पेडल पूर्वीच्याच जागी थांबेल याची खात्री नसते.