मादी रॅटची इच्छा मोजायला शिकताना: सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

सोलापुरात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करणाऱ्या मुली विचारतात, "ताई, न्यूरोसायन्समध्ये तुम्ही नक्की काय करता?" मी सरळ सांगते: मादी रॅटला समागमाची इच्छा कधी होते, कशामुळे होते आणि तेव्हा मेंदूत काय चालतं, ते बघते. ऐकणारी क्षणभर गप्प होते. आमच्या घरी मात्र अवघड गेलं नाही, कारण आजोळी म्हशी होत्या. आजी म्हणाली, "म्हंजे माजाचंच बघतीस की गं!"

या विषयात येणाऱ्याने एक फरक आधी समजून घ्यावा. मादी प्रतिसाद देते हे एक, आणि तिला ते हवं असतं हे दुसरं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक फ्रँक बीच यांनी 1976 मध्ये मादीचं वागणं तीन भागांत मांडलं: नराला ती किती आकर्षित करते, स्वतः किती पुढाकार घेते, आणि नर चढल्यावर त्याला स्वीकारते का. या स्वीकाराची खूण म्हणजे लॉर्डोसिस, म्हणजे पाठ खोलगट करून स्थिर उभं राहणं. त्यामागचा, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागापासून मज्जारज्जूपर्यंतचा मार्ग न्यूरोसायंटिस्ट डोनल्ड फाफ यांनी उलगडला. अंडाशयातल्या एस्ट्रॅडिओल या संप्रेरकामुळे हायपोथॅलॅमसच्या ठरावीक पेशींत प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचे रिसेप्टर (त्याला ओळखणारी प्रथिनं) वाढतात, मग प्रोजेस्टेरॉनचा परिणाम होतो. म्हणूनच अंडाशय काढलेल्या मादीला चाचणीच्या साधारण 48 तास आधी एस्ट्रॅडिओल आणि 4 तास आधी प्रोजेस्टेरॉन देतात.

लॉर्डोसिस मोजायला सोपा, म्हणून बरीच वर्षं मुख्यतः तोच मोजला गेला. पण छोट्या पिंजऱ्यात मादीला नरापासून दूर जायला जागाच नसते, मग तिची इच्छा दिसणार कुठून? मधल्या भिंतीला फक्त मादी मावेल एवढी भोकं ठेवली की चित्र बदलतं. ती नराकडे जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. नर नुसता चढला असेल तर लवकर परतते, वीर्यस्खलनानंतर सगळ्यात उशिरा. पारेदेस आणि अलोन्सो यांनी 1997 मध्ये दाखवलं, की असा वेग तिच्या हातात असेल तरच त्या अनुभवाशी जोडलेली जागा तिला नंतर आवडू लागते. ओपिऑइडचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं तर ही पसंती तयार होत नाही, म्हणजे मेंदूतली ओपिऑइड यंत्रणा (अफूसारख्या नैसर्गिक रसायनांची) इथे काम करते. हे वाचलं तेव्हाच मी याच विषयात राहायचं ठरवलं.

"माद्यांचं चक्र असतं, आकडे हलतात" असं सांगून तुम्हाला नरांवरच काम करायला सुचवतील. ऐकू नका. 2014 मध्ये प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचे शेकडो शोधनिबंध तपासले. माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले निघाले नाहीत.

आता रोजच्या कामाचं. रॅटचं चक्र 4 ते 5 दिवसांचं असतं आणि ते योनीस्रावाच्या स्मिअरवरून (काचपट्टीवर पसरलेल्या पातळ थरावरून) ओळखतात: गोल, केंद्रक असलेल्या पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस (माजाआधीचा टप्पा), केंद्रक नसलेल्या चपट्या पेशी म्हणजे इस्ट्रस (माजाचा टप्पा), पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस (दोन माजांमधला टप्पा). कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपवर हात बसलेला असेल तर हे लवकर जमतं. रॅट निशाचर असल्याने प्रकाशचक्र उलटं ठेवून चाचण्या मंद लाल दिव्यात घेतात. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय काहीही करता येत नाही. आणि प्रयोग संपल्यावर बहुतेकदा मेंदूचे काप घ्यावे लागतात. ते झेपणार नसेल तर प्रवेशाआधीच गाइडशी बोला. नुसत्या व्हिडिओंच्या विश्लेषणावरही चांगलं काम होतं.

केगावच्या सोलापूर विद्यापीठातून एमएस्सी करूनही पुढे जाता येतं. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या, मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर या संशोधन संस्थांच्या पीएचडी प्रवेशावर लक्ष ठेवा, प्रजननाच्या बाजूने यायचं तर मुंबईत परळची एनआयआरआरसीएच ही प्रजनन आणि बालआरोग्याची संशोधन संस्था बघा. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपची जाहिरात नोव्हेंबरच्या आसपास शोधा.

आणि प्राणी मिळेपर्यंत थांबू नका. सोलापूरच्या कंबर तलावावर बगळ्यांचे मोबाइलवर व्हिडिओ घ्या, व्हिडिओतलं वागणं नोंदवायचं बोरिस हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा आणि प्रत्येक हालचालीची व्याख्या लिहून नोंदी करा. आठवड्याने तोच व्हिडिओ आधीच्या नोंदी न बघता पुन्हा तपासा. आकडे जुळले नाहीत तर व्याख्या अजून नेमकी करा आणि तिसऱ्यांदा बसा.