हिवाळी चढाईसाठी बूट निवडताना

बूट किती उबदार आहे यापेक्षा तो पायात कसा बसतो, हे आधी पाहावे. घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि अस्तर कितीही जाड असले तरी बोटे बधिर होतात. हिमदंशाची सुरुवात अनेकदा अशीच होते.

बूट घालून पाहण्यासाठी संध्याकाळची वेळ निवडावी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजलेले असतात. चढाईत वापरायचेच मोजे सोबत न्यावेत. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवली असता टाचेमागे हाताचे एक बोट जाईल एवढी जागा हवी. मग नाड्या आवळून पायरीच्या कडेवर केवळ चवड्यावर उभे राहावे. बुटाच्या आत टाच उचलली जात असेल, तर उभ्या बर्फावर तिची सालटी निघणार हे नक्की. पायरीच्या उभ्या अंगावर हलकी लाथ मारल्यावर बोटे टोकावर आपटत असतील, तर तो बूट नाकारावा. ही पारख अर्धा तास तरी चालावी. विक्रेत्याची घाई मनावर घेऊ नये.

तळाचा ताठपणा क्रॅम्पॉनशी, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बसवायच्या अणकुचीदार दात्यांच्या चौकटीशी, जुळावा लागतो. ताठपणानुसार बुटांना बी१ ते बी३ आणि त्यांना जुळणाऱ्या क्रॅम्पॉनना सी१ ते सी३ अशी श्रेणी असते. बी१ बूट थोडे वाकतात व त्यांना पट्ट्यांचे सी१ क्रॅम्पॉन लागतात. बी२ बुटांना टाचेकडे खाच असते, त्यामुळे सी२ चालतात. पूर्ण ताठ बी३ बुटांना पुढेमागे दोन्हीकडे खाचा असल्याने सी३ पक्के बसतात. सोप्या हिमउतारांसाठी बी२ पुरेसे असतात. बर्फाच्या उभ्या भिंतीसाठी बी३च घ्यावेत, मात्र लांबच्या पायपिटीत ते जाचतात.

मुक्काम किती रात्रींचा आहे, हा प्रश्न मात्र बहुतेक जण विसरतात. एकेरी बूट घामाने ओला झाला की तंबूत रात्रभर गोठतो आणि पहाटे लाकडासारख्या कडक झालेल्या त्या बुटात पाय घालणे ही शिक्षाच असते. दुहेरी बुटाचा आतला बूट काढून झोपण्याच्या पिशवीत वाळवता येतो. म्हणूनच कडाक्याच्या थंडीतील अनेक दिवसांच्या मोहिमांसाठी, विशेषतः ६,००० मीटरच्या आसपासच्या व त्याहून उंच शिखरांवर, वजन वाढले तरी दुहेरी बूटच घ्यावा.

वापरलेले बूट स्वस्तात मिळत असतील, तर तळ वाकवून भेगा शोधाव्यात. तळातील पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा मधला थर नुसत्या साठवणुकीतही दमटपणामुळे कुजतो आणि नवाकोरा दिसणारा तळ चढाईच्या मध्यावर सुटून येऊ शकतो.