एडाससाठी जादा पैसे मोजावेत का? गाडी बुक करण्यापूर्वी करायचा विचार

गाडीचे मॉडेल ठरते, रंगही ठरतो आणि मग शोरूममध्ये शेवटचा प्रश्न उभा राहतो : वरच्या व्हेरिएंटमध्ये ‘एडास’ (अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टिम, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा) आहे, तर त्यासाठी आणखी लाख-दीड लाख रुपये घालायचे का? 2020-21च्या सुमारास एमजी ग्लॉस्टर किंवा महिंद्रा एक्सयूव्ही 700 अशा मोठ्या गाड्यांमध्येच दिसणारी ही यंत्रणा डिसेंबर 2024मध्ये आलेल्या होंडा अमेझच्या वरच्या व्हेरिएंटपर्यंत पोहोचली आहे. त्यामुळे आता बेताच्या बजेटमध्ये गाडी घेणाऱ्या कुटुंबालाही या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. ते उत्तर सर्वांसाठी एक नाही. ते शोधण्याची रीत मात्र एकच आहे : एडास या नावाखाली नेमके काय काय मिळते हे सुटे करून पाहायचे आणि त्यातले आपल्या रोजच्या रस्त्यावर किती चालेल हे तपासायचे.

या सुविधांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटातील सुविधा एरवी शांत असतात आणि धोका दिसताच जाग्या होतात. समोर अडथळा आल्यास आपोआप लागणारा ब्रेक, आरशात न दिसणाऱ्या बाजूची गाडी दाखवणारा ब्लाइंड स्पॉट मॉनिटर, रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा या त्यातल्या होत. दुसऱ्या गटातील सुविधा तुमच्याबरोबर सतत गाडी चालवतात : पुढच्या गाडीशी अंतर राखणारा अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल आणि पट्ट्यांच्या मध्ये गाडी ठेवणारी लेन असिस्ट. शोरूममध्ये प्रात्यक्षिक बहुधा दुसऱ्या गटाचे होते, कारण स्टिअरिंग आपोआप वळताना पाहून ग्राहक भारावतो. पुरावा मात्र पहिल्या गटाच्या बाजूने आहे. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासांनुसार आपोआप ब्रेक असलेल्या गाड्यांमध्ये पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे अपघात सुमारे 50 टक्क्यांनी कमी आढळले. याच संस्थेला 2024मध्ये क्रूझ आणि लेन असिस्ट यांच्या जोडीने अपघात टळतात असे दाखवणारा पुरावा सापडला नाही. ही जोडी प्रवास सुखाचा करते, आणि त्या सुखाचे पैसे द्यायलाही हरकत नाही. मात्र ते सुरक्षिततेच्या खात्यात मांडू नयेत.

आपोआप ब्रेकच्याही मर्यादा आहेत. पादचारी ओळखणाऱ्या ब्रेकमुळे पादचाऱ्यांना धडकण्याचे अपघात एकंदरीत 27 टक्क्यांनी कमी झाल्याचे त्याच संस्थेला 2022मध्ये दिसले, परंतु दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री काहीच फरक आढळला नाही. आपल्याकडे जिल्हा मार्गांवर अंधारात कडेने चालणारी माणसे, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली आणि टेललाइट बंद पडलेला उभा ट्रक हेच खरे धोके आहेत. वेगात असताना रस्त्यात थांबलेले वाहन वेळेत ओळखले जाईलच याची हमी कोणतीही कंपनी देत नाही. मालकाच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले असते. ते पान बुकिंगआधी वाचावे. बहुतेक पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात.

यानंतर आपले किलोमीटर कुठे खर्च होतात याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. महिन्यातून अनेकदा नागपूर ते छत्रपती संभाजीनगर समृद्धी महामार्गाने जाणाऱ्या माणसाला क्रूझ आणि लेन असिस्ट दोन्हींचा उपयोग होतो : पट्टे स्पष्ट आहेत, दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, कारसाठी वेगमर्यादा 120 आहे, आणि लांबलचक सरळ रस्त्यावर लक्ष विचलित होण्याचा धोका मोठा असल्याने लेन सोडल्याचा इशारा तिथे खरोखर कामी येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही तसेच आहे. घाटात मात्र वेगमर्यादा 60, अवजड वाहने रांगत चाललेली आणि सगळेच लेन बदलत असलेले, त्यामुळे तिथे सूत्रे आपल्याच हाती ठेवावीत. ज्याची गाडी प्रामुख्याने पुण्यातल्या पेठांतून किंवा कोकणातल्या अरुंद, पट्टे नसलेल्या रस्त्यांवरून फिरते, त्याला लेन असिस्ट जवळजवळ निरुपयोगी आहे. शहरात क्रूझने राखलेल्या अंतरात दुचाकी घुसते, गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न वाजवतो. हे दोन-चारदा झाले की चालक ती सुविधा कायमची बंद करतो. शहरातल्या माणसाने ब्लाइंड स्पॉट मॉनिटर आणि रिव्हर्सच्या इशाऱ्याला अधिक किंमत द्यावी.

ब्रोशरमध्ये सुविधांची संख्या ठळक अक्षरांत असते. ती पाहून भुलू नये. सेल्समनला पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात. यंत्रणा फक्त कॅमेऱ्यावर चालते की रडारही आहे? दाट धुके आणि मुसळधार पाऊस यांत कॅमेऱ्याची दृष्टी लवकर अधू होते, रडार तुलनेने टिकते. चिखलाने माखल्यावर मात्र दोन्ही बंद पडल्याचा संदेश डॅशबोर्डवर येतो. ब्रेक किती वेगापर्यंत काम करतो, आणि पादचाऱ्यांसाठी ती मर्यादा वेगळी आहे का? मॅन्युअल गिअरच्या गाडीत कोणत्या सुविधा वगळल्या आहेत? गाडी पूर्ण थांबवून पुन्हा चालू लागणारा क्रूझ सहसा ऑटोमॅटिकमध्येच मिळतो. इंडिकेटर दिल्यावर बाजूचे चित्र पडद्यावर दाखवणारा कॅमेरा म्हणजे ब्लाइंड स्पॉटचा इशारा नव्हे, हेही लक्षात ठेवावे. चित्र तुम्ही पाहिले तरच उपयोगी पडते. इशारा तुमचे लक्ष नसतानाही वाजतो.

आता पैशांचे. दोन व्हेरिएंटमधला एक्स-शोरूम फरक म्हणजे एडासची किंमत नव्हे. त्या फरकात सनरूफ, मोठा पडदा, हवेशीर सीट असे बरेच काही बांधलेले असते. त्यातले जे तुम्हाला एरवीही हवे होते त्याची अंदाजे किंमत वजा करावी. उरेल ती एडासची किंमत. नंतर त्यात कर मिळवावा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल कारला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात 12 टक्के वाहन कर पडतो, आणि वरचा दर संपूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे 9 लाख 90 हजारांच्या गाडीवर 1,08,900 रुपये कर, तर 10 लाख 90 हजारांच्या गाडीवर 1,30,800. एक लाखाचा फरक करापोटीच 21,900 रुपयांनी वाढला. विम्याचा हप्ता आणि कर्जावरचे व्याज यांची भर वेगळी. हा आकडा कागदावर लिहून मगच घरात चर्चा करावी.

खरेदीनंतरचा खर्च बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो आणि रडार बहुधा पुढच्या बंपरमध्ये किंवा ग्रिलमागे, म्हणजे किरकोळ ठोकरीत सर्वांत आधी मार बसतो त्याच जागी. काच बदलली किंवा बंपर उतरवला की कॅलिब्रेशन (कॅमेरा-रडारची नेमकी जुळवणी) करून घ्यावे लागते. त्यासाठी खास फलक, मोकळी सपाट जागा आणि शिकलेला तंत्रज्ञ लागतो. म्हणून आपल्या गावाच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : कॅमेऱ्यासह काच बदलायला किती येईल, रडारची किंमत काय आणि कॅलिब्रेशन तिथेच होते की गाडी मोठ्या शहरात न्यावी लागते. सिंधुदुर्गात किंवा गडचिरोलीत राहणाऱ्यासाठी हे शेवटचे उत्तर निर्णय फिरवू शकते. झिरो-डेप (घसारा न कापता भरपाई देणारे विमा संरक्षण) घेताना कॅलिब्रेशनचा खर्च पॉलिसीत धरला आहे का, हे विमा कंपनीकडून ईमेलवर घ्यावे.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या फेरीपुरती घेऊ नये. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, शक्य असल्यास संध्याकाळी, गाडी चालवून पाहावी. विनाकारण बीप किती वाजतात, प्रत्येक सुविधा स्वतंत्रपणे बंद करता येते का, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तुमची सेटिंग टिकते का, हे बघावे. रस्त्याच्या कामाच्या जागी जुने आणि नवे असे दोन्ही पट्टे दिसतात, तिथे लेन असिस्ट स्टिअरिंग कुठे ओढते याकडे विशेष लक्ष द्यावे. ब्रेकची परीक्षा मात्र कोणत्याही खऱ्या अडथळ्यासमोर घेऊ नये.

पुढे कधीतरी मिळणाऱ्या सुविधेसाठी आज पैसे देण्याचा प्रश्नही आता भारतात आला आहे. टेस्लाने जुलै 2025मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले, तेव्हा फुल सेल्फ-ड्रायव्हिंगचा पर्याय 6 लाख रुपयांना नोंदवला होता, पण इथल्या रस्त्यांवर ती सुविधा त्या वेळी सुरू झालेली नव्हती. माझ्या मते आज चालत नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नये. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडे तिथे महिन्याच्या वर्गणीवर हेच सॉफ्टवेअर घेण्याची सोय आहे. त्यांनी एखादा महिना वापरून स्वतःच्या रस्त्यावर पारखावे. नाव काहीही असले तरी तेही लेव्हल 2च (अंशतः स्वयंचलित) आहे : डोळे रस्त्यावर आणि जबाबदारी चालकाची.

बजेट ताणावेच लागत असेल तर माझा क्रम असा आहे : सहा एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), मागच्या मधल्या सीटलाही तीन-बिंदू पट्टा आणि भारत एनकॅप या धडक-चाचणीतले चांगले तारे आधी; त्यानंतर आपोआप ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉट मॉनिटर; क्रूझ आणि लेन असिस्ट सर्वांत शेवटी. पहिली पायरी सोडून तिसरीचे पैसे देणारा सौदा नाकारावा. आणि एडासची गाडी घेतलीच, तर पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवू नये. ते कायद्याने बंद आहेतच, शिवाय बंपरमधल्या रडारची वाट तेच अडवतात.