लंडनला गेलात तर पार्लमेंट आतून बघा, तेही फुकट

मुंबईहून लंडनला गेलेली आपली बहुतेक मंडळी बिग बेनसमोर फोटो काढतात नि पुढच्या पॉइंटला पळतात. माझं म्हणणं, अर्धा दिवस काढा आणि हाऊस ऑफ कॉमन्सचं (तिथली लोकसभाच म्हणा) चालू कामकाज गॅलरीत बसून बघा, परदेशी माणसालाही त्याचे पैसे पडत नाहीत.

आधी तारखा बघा. पार्लमेंटच्या वेबसाइटवर रिसेस, म्हणजे सभागृहाची सुट्टी, दिलेली असते, ऑगस्टमध्ये सभागृह बंद आणि मे महिन्याच्या शेवटीही साधारण आठवडाभर सुट्टी असते, म्हणजे मुलांच्या मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे चेक करूनच तिकिटं काढा. कामकाज सोमवारी दुपारी अडीचला, मंगळवार-बुधवारी साडेअकराला, गुरुवारी साडेनऊला सुरू होतं. बुधवारी बारा वाजता खासदार पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, ते बघायची हौस सगळ्यांनाच असते, पण त्याची तिकिटं तिथल्या रहिवाशांना मिळतात, उरलेल्या जागांसाठी लाइनीत उभं राहण्यापेक्षा सोमवारी संध्याकाळी जा, आरामात बसायला मिळतं.

वेस्टमिन्स्टर ट्यूब स्टेशनला उतरायचं. एअरपोर्टसारखं चेकिंग होतं, मोठ्या बॅगा हॉटेलवरच ठेवा. मग लागतो वेस्टमिन्स्टर हॉल, १०९७ सालचा, चार्ल्स राजावरचा खटला १६४९ मध्ये इथेच चालला. इथे फोटो काढू देतात, गॅलरीत अजिबात नाही.

आणि हो, सीएसएमटीसमोरचा आपला डी. एन. रोड ज्यांच्या नावाचा, ते दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून निवडून याच कॉमन्समध्ये आले होते, ब्रिटिशांच्या घरात शिरून त्यांनाच भारताच्या गरिबीचा हिशोब विचारला या माणसाने! मुलांना जायच्या आधी फ्लोरा फाउंटनजवळचा त्यांचा पुतळा दाखवा आणि हे सांगा, मग तिथे गेल्यावर ती कंटाळणार नाहीत. दादाभाई बसायचे ते सभागृह मात्र १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, आत्ताचं १९५० मध्ये परत बांधलेलं आहे आणि त्याचे दरवाजे भारत आणि पाकिस्तानने भेट दिलेत.

गॅलरीसमोर काच आहे, आवाज स्पीकरमधून येतो. कधी हॉल भरलेला, कधी चार-पाच खासदार, दोन्ही बघण्यासारखंच. खासदारांच्या हिरव्या बाकांच्या अगदी जवळ जायचं असेल तर मात्र पैसे भरून टूर घ्या, ती शनिवारी आणि रिसेसमध्ये वीकडेजला असते, बुकिंग मुंबईतूनच करून ठेवा.